विश्लेषण : ३५ बाळंतपणं, जगलेली ५ मुलं... जोतिराव फुले यांनी उघडलेलं ते घर नेमकं काय होतं?

पुण्यात १८६३ च्या सुमारास ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर काही छापील कागद चिकटवलेले दिसू लागले. मजकूर थोडकाच होता. विधवा बाईला दिवस गेले असतील तर तिनं इथं यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं. मूल सोबत न्यायचं की मागं ठेवायचं, हे तिनंच ठरवावं. ठेवलं तर त्याची काळजी घेतली जाईल.

कागदावरचा पत्ता जोतिराव गोविंदराव फुले यांच्या घराचा होता.

शाळेच्या पुस्तकात या घराबद्दल एकच ओळ असते: बालहत्या प्रतिबंधक गृहाची स्थापना, १८६३. परीक्षेत जोड्या लावा या प्रश्नात ती उपयोगी पडते आणि तिथंच संपते. पण गर्भपात, गर्भाचा जीव आणि बाईचा निर्णय यांवरून आज कोर्टात, संसदेत आणि फॅमिली ग्रुपवर जो वाद चालतो, त्यातले बहुतेक प्रश्न या एका घराच्या गोष्टीत आधीच आलेले आहेत. म्हणून ती जरा सविस्तर.

आईविना वाढलेला मुलगा

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई ते वर्षभराचे असतानाच गेल्या. त्यांना सांभाळलं ते सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी. सगुणाबाई एका मिशनऱ्याकडे अनाथ मुलांना सांभाळायचं काम करत. दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवणं हे जोतिरावांनी पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिलं होतं. चरित्रांमध्ये हा तपशील घाईत सांगितला जातो. मला तो महत्त्वाचा वाटतो.

१८४० मध्ये लग्न झालं. नायगावच्या सावित्रीबाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. पुढं जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तिथंच सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र मिळाले. याच काळात त्यांनी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. पेन देव मानत असे, पण कोणत्याही धर्मग्रंथाचा अधिकार मानत नसे. जोतिरावांचा पुढचा सगळा विचार साधारण याच वाटेनं गेला.

१८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, त्यावरून वडिलांचं घर सोडावं लागलं. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, इथं थांबत नाही.

काशीबाईचं काय झालं?

घर का उघडलं, हे जोतिरावांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून देशभरातून मतं मागवली होती. जोतिरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपलं मत दिलं, आणि त्यात त्यांनी एका बाईची हकिगत सांगितली.

इनाम कमिशनमध्ये अधिकारी असलेल्या गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. वागायला नीट, चांगल्या घरातली. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. ते तिच्या मागं लागले. तिनं बरेच दिवस दाद दिली नाही, शेवटी ती फसली आणि तिला दिवस गेले. शास्त्रीबुवांच्याच सांगण्यावरून तिनं गर्भ पाडण्यासाठी नाना विषारी औषधं घेतली. एकही लागू पडलं नाही. नऊ महिने भरून मुलगा झाला. अब्रू जाईल या भीतीनं तिनं त्याला सुरीनं मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोनच दिवसांनी पोलिसांनी तिला धरलं. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

शास्त्रीबुवांना काही शिक्षा झाल्याचा उल्लेख या हकिगतीत नाही.

जोतिरावांचं म्हणणं असं की, जातीत आपल्याला वाईट चालीची समजू नये, एवढ्यासाठी त्या बाईनं हे केलं. घरखर्चालाही पैसे पुरत नसताना त्यानंतर त्यांनी आपल्याच आवारात हे घर उघडलं.

धर्मशास्त्र काय म्हणत होतं, कायदा काय म्हणत होता?

काशीबाईच्या डोक्यावर एकाच वेळी दोन कायदे होते.

पहिला धर्मशास्त्राचा. भ्रूणहत्या हे तिथं घोर पातकांपैकी एक. गर्भाचा घात करणाऱ्या बाईला मेल्यावर पाणीही देऊ नये, असं मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. म्हणजे गर्भ पाडायचा नाही. पण त्याच परंपरेनं ब्राह्मण विधवेला पुन्हा लग्न नाकारलं होतं. केशवपन, लाल आलवण, एकवेळचं जेवण, माजघरातला कोपरा असं तिचं जिणं. दहा-बारा वर्षांच्या मुलीही यात असत, कारण लग्नंच त्या वयाआधी लागत. पोट दिसू लागलं की घराण्यावर बहिष्कार आणि तिला घराबाहेर. मूल जन्माला घालायलाही जागा नाही.

माळी, कुणबी अशा जातींमध्ये विधवेचा पाट लागत असे. तिथं हा कोंडमारा या स्वरूपात नव्हता. जोतिरावांचे कागद ब्राह्मण वस्तीतच का लागले, याचं उत्तर यात आहे. स्वतः माळी, आयुष्यभर ब्राह्मणशाहीवर टीका केली, आणि घर उघडलं ते ब्राह्मण बायकांसाठी. ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांना तेव्हाही पचली नव्हती.

दुसरा कायदा इंग्रज सरकारचा. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. कलम ३१२ नुसार बाईचा जीव वाचवण्याखेरीज इतर कारणानं गर्भपात केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही गुन्हेगार. कलम ३१७ नुसार मूल उघड्यावर सोडून देणं गुन्हा. कलम ३१८ नुसार मेलेलं अर्भक गुपचूप पुरून जन्म लपवणंही गुन्हा. मारलं तर कलम ३०२, म्हणजे फाशी किंवा जन्मठेप.

इंजिनीअरिंगला असताना आम्ही फ्लोचार्ट काढायचो. काशीबाईचा काढून पाहिला. गर्भ पाडला तर गुन्हा, सोडून दिला तर गुन्हा, मारला तर गुन्हा, आणि वाढवला तर गुन्हा नाही, पण राहायला घर नाही. एकही बाण बाहेर जात नाही.

१८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता हे खरं. पण कायद्यानं परवानगी दिली म्हणून जात परवानगी देत नव्हती. ८ मार्च १८६४ रोजी जोतिरावांनी पुण्यात शेणवी समाजातल्या एका विधवेचं लग्न लावून दिलं, आणि तेही मोठं धाडस ठरलं.

३५ पैकी ५

घरात काय घडलं? १८८४ च्या त्याच मतपत्रात जोतिरावांनी आकडे दिले आहेत. सुरुवातीपासून तोवर ३५ गरोदर विधवा तिथं येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती. ३० मेली.

कारणही त्यांनी लिहिलं आहे. दिवस गेल्याचं लपवण्यासाठी आयांनी जी विषारी औषधं घेतली असणार, त्यांनी पोटातच मुलांना इजा झाली, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांचं अनुमान आहे, डॉक्टरी तपासणीचा निष्कर्ष नव्हे. तरीही घरात रोज वावरणाऱ्या माणसाचं आहे.

या आकड्याकडे थोडं थांबून बघायला हवं. साधारण २१ वर्षांत ३५ बायका, म्हणजे वर्षाला सरासरी दोनसुद्धा नाहीत. सातातलं एक मूल जगलं. आजच्या एखाद्या संस्थेनं असा अहवाल दिला तर तिचं अनुदान बंद होईल. जोतिरावांनी आकडा फुगवला नाही, मेलेली मुलं लपवलीही नाहीत. उलट, अनेक घरंदाज विधवांपर्यंत या घराची माहितीच पोचत नाही आणि त्या गर्भपात किंवा बालहत्येकडे वळतात, हेही त्यांनी नोंदवलं.

त्या बायका घरी आल्या तेव्हा बहुतेक सगळं करून झालेलं होतं, असं हा आकडा सांगतो. आधी औषध, मग दुसरं औषध, मग तिसरं. ते काहीच चाललं नाही, तेव्हा कोपऱ्यावरचा कागद आठवला.

बाळंतपणं आणि तान्ह्या मुलांचं सगळं सावित्रीबाई बघत. त्यांना स्वतःला मूल नव्हतं.

जोतिराव गर्भपाताच्या बाजूचे होते का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण आजच्या चौकटी लावून त्यांना कोणत्या ना कोणत्या बाजूला ओढता येतं. गर्भपात आणि बालहत्या या दोन्ही गोष्टी ते एकाच श्वासात वाईट म्हणून मोजत. मूल निष्पाप आहे, असंच त्यांनी काशीबाईच्या मुलाबद्दल लिहिलं.

फरक पडतो तो बोट कुणाकडे दाखवलं यात. त्या काळातले धर्माचे आणि सरकारचे दोन्ही निवाडे बाईपाशी थांबत. जोतिरावांनी त्या बाईला पातकी म्हटलं नाही. तिला तिथवर नेणारी रूढी, तिच्यावर नजर ठेवणारे पुरुष आणि पुरुषांना पुन्हा लग्नाची मोकळीक देऊन बाईला ती नाकारणारे ग्रंथ यांना त्यांनी जबाबदार धरलं. विधवांचं केशवपन करायला न्हाव्यांना परवानगी असू नये, अशी मागणीही त्यांनी मलबारींना दिलेल्या मतात केली. गर्भाचा जीव मोलाचा वाटत असेल तर आधी त्याच्या आईला जगायला जागा द्या, असा त्यांच्या कामाचा अर्थ निघतो.

एक शंका तेव्हाही घेतली जात होती आणि आजही घेतली जाते. अशी सोय केली तर अनाचार वाढेल. जोतिरावांच्या घराचे आकडेच तिला उत्तर देतात. सोय आहे म्हणून कुणी आलं नव्हतं. इतर सगळे मार्ग संपल्यावर आलं होतं.

शर्जा आणि गावचा जमाव

२९ ऑगस्ट १८६८ चं सावित्रीबाईंचं एक पत्र आहे. त्या तेव्हा माहेरी, नायगावला होत्या. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव फिरून पंचांग सांगायचा. त्याचं शर्जा नावाच्या महार मुलीशी प्रेम जमलं आणि तिला सहावा महिना लागला. गावात कळलं, तेव्हा लोकांनी दोघांना धरून मारत गावातून फिरवलं. जमाव त्यांना जिवे मारायच्या तयारीत होता.

सावित्रीबाई मध्ये पडल्या. इंग्रजांच्या कायद्यात याची काय शिक्षा आहे, याची त्यांनी जमावाला भीती घातली. जमाव हटला. दोघांना गाव सोडायला लागलं आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतिरावांकडे धाडलं.

जो सरकारी कायदा काशीबाईला काळ्या पाण्यावर नेतो, तोच इथं शर्जाला आणि तिच्या पोटातल्या मुलाला वाचवतो. आणि भ्रूणहत्या महापाप मानणाऱ्या गावाला सहा महिन्यांच्या गरोदर मुलीला मारताना ते पाप आठवलं नाही. जीवाच्या पावित्र्यावरच्या कुठल्याही चर्चेत मला हे पत्र आठवतं.

सुरतचा खटला आणि ताराबाई

१८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला आपलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली. यानिमित्तानं वर्तमानपत्रांतून बायकांच्या बिघडलेल्या चालीवर बरंच लिहिलं गेलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्री पुरुष तुलना’ प्रसिद्ध झालं. बायकांच्या नावावर जे दोष लावता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

ताराबाईंचे वडील सत्यशोधक समाजातले. पण पुस्तकावर टीका झाली ती सत्यशोधकांच्या गोटातूनही. जोतिराव मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून तिच्या बाजूनं उभे राहिले आणि आपल्याच सहकाऱ्यांना त्यांनी सुनावलं. सुधारकांच्या घरातही ही गोष्ट सोपी नव्हती.

धार्मिक की निधर्मी?

जोतिरावांना आज अनेकदा नास्तिक समजलं जातं. ते नव्हते. त्यांचा एक निर्माता होता, त्याला ते निर्मीक म्हणत. १८८८ मध्ये अर्धांगवायूनं उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हातानं त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापलं गेलं. निर्मीकानं स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारखे हक्क देऊन जन्माला घातलं, हा त्याचा गाभा. त्यातही स्त्री थोर, कारण ती नऊ महिने ओझं वाहते आणि मुलाला वाढवते.

गर्भ वाहणं हे बहुतेक धर्मपरंपरांत बाईचं कर्तव्य असतं. जोतिरावांकडे तो तिच्या मोठेपणाचा पुरावा होतो. जीव पवित्र आहे हे ते देवाच्याच नावानं मानतात, पण ते कुठल्या ग्रंथाला विचारून ठरवत नाहीत.

त्यांचं घर पाहून इतरही पुढं आले. १८७५ मध्ये पंढरपूरला सबजज्ज लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या वतीनं अशीच संस्था काढली. देवाच्या दारी यात्रेचं निमित्त करून विधवांना तिथं आणून सोडत, त्यामुळं गरजही तिथं मोठी होती. निव्वळ निधर्मी भूमिकेतून हा प्रश्न मांडायला महाराष्ट्राला रघुनाथ धोंडो कर्वे यांची वाट बघावी लागली. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि दिवस जाण्याआधीचा विचार करायला लोकांना भाग पाडलं.

आज कायदा कुठं आहे?

कलम ३१२ शंभराहून अधिक वर्षं जसंच्या तसं राहिलं. १९६४ मध्ये सरकारनं समिती नेमली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. लपूनछपून केलेल्या गर्भपातात बायका मरतात, हा तिच्या अहवालाचा मोठा आधार होता. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीनं काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २० वरून २४ आठवड्यांवर गेली, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टानं अविवाहित स्त्रियांनाही त्यात धरलं.

एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. गर्भपात हा मूळ कायद्यात आजही गुन्हाच आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८८. १९७१ चा कायदा त्याला अपवाद करतो. निर्णयाची गुरुकिल्ली डॉक्टरच्या मताकडे आहे.

दुसरं टोकही बघा. मूल वाढवणं शक्य नसेल तर २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार आई ते बालकल्याण समितीकडे सोपवू शकते. फेरविचाराला दोन महिने मिळतात आणि ओळख गुप्त राहते. कोपऱ्यावरच्या त्या छापील कागदात हेच तर होतं.

यशवंत

१८७४ मध्ये या घरात बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला. तिचंही नाव काशीबाई, म्हणून इंटरनेटवर दोघींची सरमिसळ होते. पहिलीला जन्मठेप झाली होती, ही दुसरी.

मुलाचं नाव यशवंत. सावित्रीबाईंनी त्याची नाळ कापली आणि पोटच्या मुलासारखा वाढवला. १८८७ मध्ये जोतिरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस ठरवलं. त्याच्या जन्माची गोष्ट लपवली असती तर सोपं झालं असतं, पण ती लपवली नाही. त्याला मुलगी मिळणं त्यामुळं कठीण होतं. शेवटी सहकारी ज्ञानोबा ससाणे यांनी आपली मुलगी दिली आणि ४ फेब्रुवारी १८८९ रोजी लग्न झालं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं, यावरून भाऊबंदांनी वाद घातला, दत्तक मुलाचा हक्क मानायला ते तयार नव्हते. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढं चालल्या, असं चरित्रांत सांगितलं आहे.

यशवंत डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दोघांनी दवाखाना उघडला. रुग्णांना आणताना त्यांनाच प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. माळावरच्या त्या दवाखान्यातला डॉक्टर त्यांचा हा मुलगाच होता.